ऑक्टाव्हिया व्हीआरएस ट्रॅक कार: टर्बोच्या पुढची एक्झॉस्ट लाइन ठरली

डाउनपाइप (टर्बोपासून खाली उतरणारी पहिली नळी) टॅक करून, म्हणजे वेल्डच्या टिपक्यांनी तात्पुरता जोडून झाला आणि बाकीची लाइन कोणत्या मापाची, कुठून काढायची हेही नक्की झालं. जुनी १.८ टर्बो बांधणारे बहुतेक सगळे याच प्रश्नाशी अडतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

१७८१ सीसीचं २० व्हॉल्व्हचं इंजिन, के-०४ टर्बो, लक्ष्य २५० अश्वशक्ती. गाडी फक्त ट्रॅकसाठी, मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटसाठी. आत्ताची लाइन अडीच इंची आणि प्रेस-बेंडची, म्हणजे प्रत्येक वळणावर नळी चपटलेली.

टर्बाइनच्या (एक्झॉस्ट वायूने फिरणारं टर्बोचं चाक) लगेच पुढे बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची बुशिंग, वेल्ड करून, लांब तांब्याच्या नळीतून प्रेशर सेन्सर जोडून मोजलं. फुल थ्रॉटलला तिथे वातावरणापेक्षा ०.३ बार जास्त दाब निघाला. आकडा किरकोळ वाटतो, पण टर्बाइन चालते ती आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनपासून टर्बोपर्यंतचा एक्झॉस्टचा भाग) ३ बार आणि टर्बाइनच्या पुढे १.३ बार (दोन्ही ॲब्सोल्यूट, म्हणजे वातावरणाचा दाब धरून) धरले तर गुणोत्तर २.३ येतं. पुढचा दाब १.१ वर आणला की तेच गुणोत्तर मिळवायला मॅनिफोल्डमध्ये साधारण २.५ बार पुरतात. टर्बाइननंतर ०.२ बार वाचवले की इंजिनच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी जवळजवळ अर्धा बार सुटतो! ‘थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडणारा दाब) लागतंच’ हे वाक्य टर्बो गाडीच्या बाबतीत कायमचं सोडून द्यायला हवं.

आता माप. २५० अश्वशक्तीला सेकंदाला सुमारे ०.२ किलो वायू वाहतो. ७०० अंश सेल्सिअसला त्याचा वेग अडीच इंची नळीत (भिंत १.५ मिमी) जवळपास २०० मीटर प्रतिसेकंद होतो, तीन इंचीत १३६. घर्षणामुळे जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे तेवढ्याच लांबीत तीन इंचीत तो सुमारे ४० टक्क्यांवर येतो. वजन मीटरमागे जेमतेम अर्धा किलो वाढतं.

पुढे तीन इंची आणि मागे अडीच इंची ठेवावी, असं बरेच जण सुचवतात: वायू थंड होत जातो, आकारमान घटतं. रस्त्यावरच्या गाडीला हे चांगलं लागू पडतं. ट्रॅकवर लॅपमागून लॅप फुल थ्रॉटल, वर डाउनपाइपला हीट रॅप, म्हणजे उष्णता आत ठेवणारी पट्टी. वायू मागेही तापलेलाच असतो. म्हणून शेवटपर्यंत तीन इंचीच, मँड्रेल बेंड (आत आधार घालून वाकवलेली, न चपटलेली नळी), ३०४ स्टेनलेस.

खरी कसरत पहिल्या फूटभरात आहे. टर्बो इंजिन आणि फायरवॉलच्या मध्ये, खाली स्टिअरिंग रॅक, सबफ्रेम, ड्राइव्हशाफ्ट. टर्बाइनमधून वायू गरगरत बाहेर पडतो, शेजारी वेस्टगेटचा (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) झोत आडवा येतो. वेस्टगेटची वेगळी नळी पुढे नेऊन जोडणं कागदावर उत्तम, पण या जागेत तिचं वेल्ड गरम-थंड होऊन तडकण्याची भीती मला जास्त वाटते. त्यामुळे दोन्हींना सामावणारं रुंद तोंड, तिथून हळूहळू निमुळता होत तीन इंचावर येणारा कोन, आणि मगच पहिलं वळण. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) नळीच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी साचून तो फुटणार नाही.

लाइन मागच्या बंपरपर्यंत नेत नाही. डाव्या बाजूने, मागच्या चाकाच्या पुढे बाहेर काढतोय. इंधनाचं तोंड आणि ड्रायव्हर दोघंही उजवीकडे आहेत. सुमारे दोन मीटर नळी आणि टाकीखालचं सगळं वळसेदार काम वाचतं. टोक मात्र सिलच्या (दाराखालची कड) बाहेर आणणार, गाडीखाली सोडलं तर धूर केबिनमध्ये शिरतो. सायलेन्सर एकच, सरळ आरपार जाळीचा. क्रॉसमेंबरखाली जागा कमी पडते, तेवढा भाग अंडाकृती.

प्रसरणाचं विसरू नका: ३०४ ची दोन मीटर लाइन सरासरी ४०० अंशांनी तापली की १३-१४ मिमी लांबते. डाउनपाइपनंतर बेलोज (लवचीक घडीदार नळी), जोडांना व्ही-बँड क्लॅम्प, हँगर रबरी.

पुढच्या आठवड्यात फॅब्रिकेटरकडे आर्गॉन पर्जसह (नळीच्या आत आर्गॉन वायू सोडून) पूर्ण टिग वेल्डिंग. मग डायनोवर (शक्ती मोजायचं यंत्र) पहिला रन फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) कंट्रोल बंद ठेवून. कारण मोकळ्या लाइनमुळे कधी छोट्या वेस्टगेटला वायू पेलवत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढू लागतो. तसं दिसलं तर टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक मोठं करायचं, फ्लॅपही त्या मापाचा बसवायचा, आणि तोपर्यंत मॅपला, म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगला, हात लावायचा नाही.