तुम्ही विचारलंत म्हणून: ती गोळी डॉक्टरांकडं मागितली कशी?

‘पाळी पुढं ढकलायची गोळी डॉक्टरांकडं मागितलीस तरी कशी? लाज नाही वाटली?’ बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत निदान दहा जणींनी मला हे विचारलंय. त्यांना कळलं कसं, ते आधी सांगते.

आमचे डॉक्टर कानडी आहेत, मराठी झकास बोलतात, पण मोठ्यानं. दवाखान्याला लागून माग चालतात, त्या खडखडाटात हळू बोलायची सवयच राहिली नाही त्यांना. मी पडद्याआड तोंडातल्या तोंडात पुटपुटले, ‘सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचंय, अडचण येणार आहे.’ ते म्हणाले, ‘पाळी पुढं ढकलायची काय? तारीख सांगा की!’ बाकावरच्या पाच जणींनी ऐकलं. माझी लाज तिथंच संपली.

खरं तर आदल्या वर्षी मी शेजारणीकडून उसनी गोळी घेतली होती. निघायच्या सकाळी ओटीपोटात दुखायला लागल्यावर घेतली आणि दुपारी व्हायचं ते झालंच. हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘बस सुटल्यावर हात दाखवून थांबत्यात काय बाई?’ आतलं अस्तर टिकून राहायला जे हार्मोन लागतं ते पाळीआधी उतरतं, म्हणून अस्तर सुटतं. गोळी तसंच हार्मोन बाहेरून पुरवते. एकदा सुटायला लागल्यावर उपयोग नाही. म्हणून तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची. मला नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिली, दिवसातनं तीन वेळा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येईल म्हणाले. वर बजावलं की ही पाळणा लांबवायची गोळी नव्हे, दिवस राहू शकतात.

पण चिठ्ठी लगेच नाही मिळाली. बीपी बघितलं. पोटरीत कधी रक्ताची गुठळी झाली होती का, कावीळ, अर्धशिशी, स्तनात गाठ, मधेच रक्त जातं का, दिवस गेलेत का? मेडिकलवाला यातलं काही विचारत नाही. चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी कागदात गुंडाळून देतो. एवढी काळजी फक्त कागदाची.

या प्रश्नांची किंमत मला माझ्या जावेमुळं कळली. माझं बघून तीही गेली. बाळंतपणानंतर तिच्या पायात गुठळी झाली होती, महिनोन्महिने औषध चाललं होतं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो, त्यानं रक्त गोठायची भीती वाढते. जाऊ रडत घरी आली. मी शेजारणीसारखी माझ्यातल्या चार गोळ्या तिला दिल्या असत्या, तर? त्या रात्री मला झोप आली नाही.

मराठीत आपण ‘शिवायचं नाही’ म्हणतो, कन्नडात पाळीलाच ‘मुट्टु’ म्हणतात, म्हणजे शिवणं. भाषेवरनं इथं एवढं भांडण, पण या एका शब्दावर दोघांचं एकमत! मी मात्र गोळी विटाळासाठी कमी आणि संडासासाठी जास्त घेतली. माघी पौर्णिमेच्या गर्दीत राहुटीत चार दिवस, बायकांची ही रांग आणि पाण्याची एक बादली. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. गणपतीला घरच्या घरी असताना मी घेत नाही. गोळीनं छाती जड होते, पोट फुगतं, आणि परतल्यावर आलेली पाळी नेहमीपेक्षा जास्त गेली.

जाऊ तशीच आली सौंदत्तीला. जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ झाली, देवीच्या नैवेद्याची परडी भरायच्या आदल्या दिवशी तिची पाळी आली. सासूबाईंनी तिला राहुटीच्या मागं बसवलं. आम्ही चोवीस माणसं, आणि भाकरी थापणाऱ्या बायका तीन. दुपारपर्यंत आमचे हात भरून आले. मग सासूबाईच पिठाची परात उचलून मागं घेऊन गेल्या. कुणी काही बोललं नाही. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘भाकरी जरा जाड झाल्यात.’