लेकरांचे कागद आधी काढा, मग जर्मनीचं बघा

जर्मनीत नोकरीला निघालेल्या सॉफ्टवेअरवाल्याचा स्वतःचा ब्ल्यू कार्ड व्हिसा, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाचा तिथला कामाचा परवाना, तसा सरळ असतो. डिग्री, करार, पगार, झालं. घोळ होतो बायको-लेकरांच्या कागदांत. म्हणून मुलाखती द्यायला लागलात की त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या, ऑफर लेटरची वाट बघू नका.

सगळ्यात आधी जन्मदाखला. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जन्माची नोंद होते जिथं जन्म झाला तिथं. म्हणजे नोकरी पुण्यात, घर जिंतूरला आणि दवाखाना परभणीत असेल तर दाखला परभणी महापालिकेतच मिळणार. गावच्या ग्रामसेवकाकडं चकरा मारून उपयोग नाही. दवाखान्यातून नोंद जाते ती बारशाच्या आधी, त्यामुळं नावाचा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट चढतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नाव सांगताना आई-बापाचे पासपोर्ट समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. आईचं नावही तपासा. माहेरी भरती झालेल्या बाईचं माहेरचंच नाव नोंदवहीत जातं आणि पुढं ते पासपोर्टशी जुळत नाही. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि बाबूची सवड, तिन्ही लागतात. लेकराचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर झाला असेल तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आधारवर भागत नाही.

बायकोच्या नावाचं दुखणं याहून जुनं. डिग्री आणि टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. लग्नानंतर नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही. डिग्रीवर जे नाव तेच पासपोर्टवर ठेवा, हे माझं स्पष्ट मत. तिला तिकडं नोकरी करायची असेल तर आणखीच. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि पोचल्यापासून काम करता येतं, तेव्हा तिची डिग्री पेटीत ठेवून जाऊ नका. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही जवळ हवेत. लग्नाची नोंदणीच राहिली असेल तर तीन साक्षीदार घेऊन ती आधी उरकून घ्या.

एजंट अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावायच्या सरकारी स्टिकरचे, पैसे मागेल. नेदरलँड्सला जाणार असाल तर तो लागतो. जर्मनी मात्र भारताचा अपोस्टिल मानत नाही. गरज पडली तर तिथलं कार्यालय कागदांची पडताळणी वेगळी करून घेतं. तो स्टिकर लावून पैसे घालवू नका.

लसीकरणाचं कार्ड लोक घरी विसरतात. जर्मनीत मार्च २०२० पासून बालवाडीत, म्हणजे किटात, घालायला गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे: वर्षाच्या लेकराला एक डोस, दोन वर्षांपुढं दोन. आपल्याकडं एमआरचे, म्हणजे गोवर-रुबेला लसीचे, दोन डोस नऊ महिन्यांनंतर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत देतात, पण कार्डावर नर्सबाईंचं मराठी अक्षर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडून तारखांसह इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या.

तिकडं गेल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. ती देत नाही म्हणणारा मालक सोडून द्या. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून. बरीच घरं ओट्याविना, सिंकविना मिळतात, ते आधीच विचारा. आरोग्य विम्यात खासगी स्वस्त दिसतो, पण त्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. सरकारी योजनेत न कमावणारी बायको आणि लेकरं फुकटात येतात.

आता शेतीचं. एनआरआय झाल्यावर वडिलोपार्जित जमीन ठेवता येते, वारशानं मिळूही शकते. विकत मात्र घेता येत नाही. बांधाला लागून भावकीतलं रान घ्यायचं ठरलं असेल तर खरेदीखत जाण्याआधी करा. वडिलांना किंवा भावाला मुखत्यारपत्र द्यायचं तर ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवूनच निघा, आणि त्यात नेमकी कामं लिहा: वारस नोंद, पीककर्ज, बँक. तिकडून करायचं म्हटलं तर वकिलातीत जावं लागतं आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. बँकेतलं साधं बचत खातंही एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्याचा अर्ज निघायच्या आधीच शाखेतून आणून ठेवा.