कार स्टिरिओ निवडण्याआधी प्लेअरचे बूड पाहावे

कार स्टिरिओ घ्यायचा म्हटले की बहुतेक जण आधी पडद्याचा आकार, बटणांमागचे रंगीत दिवे आणि खोक्यावर ठळक छापलेले वॅट पाहतात. ज्यांची गाणी मोबाइलमध्ये नसून एका वेगळ्या म्युझिक प्लेअरमध्ये साठवलेली आहेत, त्यांनी मात्र सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी असे माझे मत आहे. प्लेअर उलटा करून त्याच्या बुडाला कोणते छिद्र आहे, त्यातून नुसती विजेची ये-जा होते की आवाजही बाहेर पडतो, आणि संगणकाला जोडल्यावर तो स्वतःची ओळख कशी करून देतो, एवढे समजले की दुकानातले निम्मे स्टिरिओ आपोआप बाद होतात.

जुना आयपॉड बाळगणाऱ्यांना हे विशेष लागू पडते. २००३ मध्ये आयपॉडला ३० पिनांचे जोडणीचे तोंड मिळाले आणि आयपॉड क्लासिकने ते २०१४ मध्ये बंद होईपर्यंत सोडले नाही. नॅनो आणि टच या मॉडेलांवर मात्र २०१२ पासून लाइटनिंग हे अ‍ॅपलचे छोटे तोंड आले. सुरुवातीचे काही कार डॉक, म्हणजे आयपॉड बसवण्याचे गाडीतले स्टँड, फायरवायर या यूएसबीसारख्या जुन्या जोडणीच्या पिनांवरून १२ व्होल्टने चार्जिंग करत असत, आणि २००८ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांनी ती सोय काढून टाकली. त्यामुळे एखादा जुना डॉक नंतरच्या आयपॉडवर गाणी व्यवस्थित वाजवतो, पण बॅटरी भरत नाही. अशा वेळी दोष ना प्लेअरचा असतो ना स्टिरिओचा. दोघांचा काळ जुळत नाही, इतकेच.

आयपॉड सोडून इतर प्लेअरांच्या बाबतीत खरी मेख यूएसबीत आहे. स्टिरिओवर यूएसबीचे तोंड आहे याचा अर्थ तो पेन ड्राइव्ह वाचतो, एवढाच धरावा. प्लेअर जर पेन ड्राइव्हसारखा, म्हणजे मास स्टोरेज पद्धतीने जोडला जात असेल, तर स्टिरिओ त्यातल्या फाइली थेट वाचतो. तो फक्त एमटीपी पद्धतीने, म्हणजे ड्राइव्ह म्हणून न दिसता मागितलेली फाइल तेवढी देत बोलत असेल, तर पुष्कळसे स्टिरिओ त्याला चार्ज करण्यापलीकडे काही करत नाहीत. काही प्लेअरांच्या सेटिंगमध्ये या दोन पद्धतींपैकी एक निवडता येते. ती सोय आहे का, हे घरीच पाहून ठेवावे. दुसरी अडचण मेमरी कार्डाची. ३२ जीबीच्या वरची कार्डे साधारणपणे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि अनेक स्टिरिओंना फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत कळते. गाण्यांच्या फाइली फ्लॅक प्रकारच्या, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेल्या असतील, तर माहितीपुस्तिकेत फ्लॅकचा स्पष्ट उल्लेख शोधावा.

स्टिरिओने फाइली वाचल्या तरी गाणे सापडणे ही वेगळीच गोष्ट आहे. मास स्टोरेजने जोडल्यावर प्लेअरवर मेहनतीने तयार केलेल्या प्लेलिस्ट बहुधा दिसत नाहीत. दिसते ती फोल्डरांची लांबलचक यादी, आणि तीही एका ओळीच्या पडद्यावर, गोल बटण फिरवत फिरवत. अडीचशे फोल्डरांतून ‘व’ अक्षरापर्यंत पोहोचायचे तर बटण किती फिरवावे लागते, हे दुकानात उभ्या उभ्या करून पाहावे. गाडी चालवताना ते करणे धोक्याचे आहे, म्हणून बटण जोरात फिरवल्यावर यादी उड्या मारत पुढे जाते का, किंवा अक्षरावरून शोधता येते का, याला मी पडद्याच्या रंगांपेक्षा जास्त महत्त्व देतो. गाण्यांची नावे देवनागरीत टॅग केलेली असतील तर पडद्यावर नुसते चौकोन उमटण्याची शक्यता असते, तेही तिथेच कळते. आयपॉडच्या बाबतीत आणखी एक तपासणी हवी: जोडताच काही स्टिरिओ प्लेअरचा पडदा गोठवून सारा ताबा स्वतःकडे घेतात, तर काहींमध्ये तो ताबा प्लेअरकडे परत देणारी सोय असते. मला ही दुसरी सोय असलेला स्टिरिओ पसंत आहे.

हे सारे फसले तरी ३.५ मिलिमीटरची, हेडफोनसारख्या पिनेची ऑक्स जोडणी सहसा दगा देत नाही. तिला फाइलीचा प्रकार, कार्ड, फॉरमॅट यांपैकी कशाशीच देणेघेणे नसते. गाणे मात्र प्लेअरवरूनच बदलावे लागते आणि चार्जिंगची वेगळी तजवीज करावी लागते. प्लेअरला लाइन आउट, म्हणजे ठरावीक पातळीचा आवाज देणारे वेगळे तोंड असेल तर तेच वापरावे. नसेल तर हेडफोनच्या तोंडातून आवाज घेताना प्लेअरचा आवाज तीन चतुर्थांशाच्या थोडा वर ठेवून उरलेले काम स्टिरिओवर सोपवावे, कारण प्लेअरचा आवाज फार कमी ठेवला तर स्टिरिओ गाण्याबरोबर खरखरही मोठी करतो. प्लेअर गाडीच्या चार्जरवर लावून ऑक्सनेही जोडला की कधी कधी एक बारीक शीळ ऐकू येते, जी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच चढते आणि सोडताच उतरते. चार्जरची केबल काढताच ती थांबली, तर हा ग्राउंड लूपचा, म्हणजे चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडले गेल्याने होणाऱ्या खरखरीचा प्रकार समजावा. ऑक्सच्या वाटेत एक छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला की बहुधा काम भागते. त्यासाठी स्टिरिओ बदलण्याची गरज नसते.

ब्लूटूथ असलेल्या प्लेअरला केबलची कटकटच नाही, पण गाण्याचे नाव पडद्यावर दिसण्यासाठी दोन्हीकडे एव्हीआरसीपी (ब्लूटूथवरून प्लेअर हाताळण्याची पद्धत) १.३ आणि यादी चाळण्यासाठी १.४ किंवा पुढची आवृत्ती लागते. एलडॅकसारखा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) प्लेअरमध्ये असून स्टिरिओत नसेल, तर जोडणी एसबीसीसारख्या साध्या कोडेकवर उतरते. प्लेअरचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरचा उल्लेख केवळ सावध करण्यासाठी: दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तेव्हाच तो घ्यावा.

वॅटच्या आकड्याला भुलू नये. ‘५० वॅट गुणिले ४’ हा क्षणिक कमाल आकडा असतो. आत व्होल्टेज वाढवणारी सोय नसेल, तर १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात सुमारे २६ वॅटच्या पुढे मिळणे गणितातच बसत नाही. पुढेमागे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा विचार असेल, तर मागे प्रीआउट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे आवाज नेणारी तोंडे आहेत का ते पाहावे. आकार सिंगल डिनचा, म्हणजे १८० गुणिले ५० मिलिमीटर, की त्याच्या दुप्पट उंचीचा डबल डिनचा, हे गाडीच्या डॅशबोर्डने आधीच ठरवलेले असते.

शेवटी यूएसबीचे तोंड कुठे आहे ते पाहावे. ते पुढच्या बाजूला असेल तर केबल गिअरवर लोंबकळते आणि प्लेअर उन्हात पडून राहतो, जे त्याच्या लिथियम बॅटरीला मानवत नाही. मागच्या बाजूने यूएसबीची वायर देणारा स्टिरिओ घेऊन ती ग्लोव्ह बॉक्समध्ये आणून सोडायला बसवणाऱ्याला आधीच सांगावे, कारण डॅशबोर्ड बंद झाल्यावर त्याच कामासाठी तो पुन्हा उघडायला कोणीही आनंदाने तयार होत नाही.