व्हिस्कीच्या करावरून पेटलेल्या गावांत एक रविवार

पिट्सबर्गजवळ पेन हिल्सच्या बालाजीला अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी जातात. दर्शन शनिवारी उरका आणि रविवार शहराच्या दक्षिणेकडच्या गावांना द्या. व्हिस्कीवरच्या कराविरुद्धचं १७९४ चं शेतकऱ्यांचं बंड तिथलंच. गाडी हवीच, बसच्या भरवशावर राहू नका.

सुरुवात साउथ पार्कमधल्या ऑलिव्हर मिलर होमस्टेडपासून करा. आजचं दगडी घर बंडानंतरचं आहे, पण जागा तीच. करावरचा राग कळतो तो इथेच. एका घोड्यावर राय हे धान्य लादलं तर जेमतेम ४ बुशेल (धान्याचं माप). त्याचीच व्हिस्की गाळली की २४ बुशेलांचा ऐवज डोंगरापलीकडे जायचा. रोकड कोणाकडेच नसायची, मजुरीसुद्धा व्हिस्कीत चुकती व्हायची. अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९१ मध्ये आणलेला कर मात्र रोख भरायचा. त्यात मोठ्या भट्टीवाल्याला तो गॅलनमागे स्वस्त पडे. आणि खटला झालाच, तर हेलपाटा ३०० मैलांवरच्या फिलाडेल्फियाला!

१५ जुलैला मार्शल (कोर्टाचा अधिकारी) लेनॉक्स याच मिलर कुटुंबातल्या विल्यमवर समन्स बजावायला आला. वाट दाखवायला करनिरीक्षक जॉन नेव्हिल, जो स्वतःच बडा भट्टीवाला. दोन दिवसांत बंडखोरांनी नेव्हिलची बोवर हिलवरची हवेली जाळली. तिथे आता नुसती वस्ती आणि एक माहितीफलक. गाडीतून पाहिलं तरी चालेल. त्याऐवजी नेव्हिल कुटुंबाचंच वुडव्हिल हे घर बघा, ते शाबूत आहे. नेव्हिलकडच्या गुलामांबद्दल मार्गदर्शकाला मुद्दाम विचारा.

वॉशिंग्टन गावातलं डेव्हिड ब्रॅडफर्डचं १७८८ चं घर मला सगळ्यात मजेशीर वाटलं. गरीब शेतकऱ्यांचा हा पुढारी वकील होता, आणि घराचा थाट कुठल्याही सावकाराला शोभेल असा. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन जवळपास १३,००० फौज घेऊन निघाले, तसा हा स्पॅनिश लुइझियानात पसार! देशद्रोहाबद्दल दोघेच दोषी ठरले, त्यांनाही माफी मिळाली. कर १८०२ मध्ये रद्द झाला.

मिलर होमस्टेड आणि वुडव्हिल साधारणपणे रविवारी दुपारीच उघडतात, थंडीत तर आधी फोन करूनच निघा. ब्रॅडफर्डच्या घराचे वार वेगळे असतात, तेही विचारून घ्या. सकाळ मोकळी राहते, तेवढ्यात मिंगो क्रीकच्या दफनभूमीत जाऊन या. हवेलीवरच्या हल्ल्यात पडलेला बंडखोरांचा म्होरक्या जेम्स मॅकफार्लेन तिथे पुरलेला आहे. शेजारचं चर्च वापरात आहे, तेव्हा प्रार्थनेच्या वेळी गाडी जरा बाजूलाच लावा.