तथापि

आम्ही दोघी मिळून लिहितोय त्या रहस्यकादंबरीचं माझं १४वं प्रकरण सहलेखिकेकडून परत आलं. मोठ्यानं वाचताना शेवटून दुसऱ्या परिच्छेदात जीभ अडखळली, काहीतरी नव्हतं. जुनी प्रत शेजारी लावून पाहिली, तर ‘तथापि’ गेलेला. गेला त्याचं काही नाही. बदलांची नोंद बंद ठेवून गेला, याचं आहे.

नियम तिनंच घातलेला. सम प्रकरणं माझी, विषम तिची. पहिल्या खर्ड्यानंतर अदलाबदल. आणि दुसरीच्या प्रकरणात स्वल्पविराम हलवला तरी तो लाल दिसला पाहिजे. फाइलच्या नावात तारीख आणि अद्याक्षर. एका वेळी ‘पेन’ एकीकडेच, कारण दोघींनी एकाच रात्री एकच प्रकरण उघडलं की दोन प्रती जुळवण्यात आठवडा जातो. हे सगळं पाळतो आम्ही. मग एका शब्दापुरतंच का नाही?

मला लागेल म्हणून, बहुतेक. तेच जास्त लागलं.

इतकी वर्षं ताळेबंद तपासले. अहवालात माझा ‘तथापि’ आला की समोरची माणसं खुर्चीत सावरून बसायची. आता पळणाऱ्या माणसामागे पोलीस लागलेत आणि मी लिहितेय, ‘तथापि गल्ली पुढे बंद होती.’ कळतं हो मलाही. पण सांगून काढायला काय झालं होतं? तिच्या भूलतज्ज्ञपणाचे मिलिग्रॅम मी किती वेळा काढले, तेही समासात कारण लिहून: वाचकाला मात्रा नको, सुई भरताना बाईचा हात थरथरला का ते हवं.

एलरी क्वीन या अमेरिकन रहस्यकथांवरच्या टोपणनावामागे सरळ वाटणी होती. फ्रेडरिक डॅनेनं कथानक रचायचं, मॅनफ्रेड लीनं ते लिहून काढायचं. तरी हे दोघं नात्यातले भाऊ पत्रांतून कडाकडा भांडायचे. एमा लेथन या नावानं रहस्यकथा लिहिणाऱ्या दोघी आमच्या जास्त जवळच्या: मेरी जेन लॅट्सिस अर्थतज्ज्ञ, मार्था हेनिसार्ट वकील, प्रकरणं आळीपाळीनं, आणि टोपणनावही दोघींच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. त्यांच्यात कोण कुणाचा शब्द गुपचूप उडवायचं, कोण जाणे.

खरं तर आळीपाळीनं लिहिण्यात शब्द ही शेवटची भानगड. आधी बाकीचंच फाटतं. ३२ प्रकरणं, प्रत्येकी अडीच हजार शब्द. त्याचा तक्ता लिहिण्याआधी लागतो. वार आणि वेळ, कुणाच्या नजरेतून, कुणाला काय कळलं, वाचकाला काय कळलं, धागा कुठला पेरला. ‘कुणाला काय कळलं’ हा रकाना आम्ही आधी ठेवला नव्हता, तेव्हा इन्स्पेक्टरला ९व्या प्रकरणात माहीत असलेली किल्ली १२व्यात नव्यानं सापडली. दुसरा तक्ता तू-तुम्हीचा. विधवा इन्स्पेक्टरला तिच्या प्रकरणांत ‘अहो’ म्हणायची, माझ्यात ‘अरे’, आणि पहिल्या वाचकानं सरळ विचारलं, यांचं काही आहे का? (नव्हतं. आता आहे.) शिवाय प्रकरण रंगात आणून सोडायचं आणि उत्तर दुसरीच्या गळ्यात टाकायचं, हा मोह. म्हणून आपल्या प्रकरणाचे शेवटचे दोनशे शब्द पुढच्याची सुरुवात वाचल्यावरच लिहायचे. हे जमायला दोन पुस्तकं गेली.

कायदा ज्याला संयुक्त लेखन म्हणतो त्यात एकाचं काम दुसऱ्याच्या कामातून वेगळं काढता येऊ नये, अशी अपेक्षा असते. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, तर हक्काची मुदत दोघांतला जो मागाहून मरेल त्याच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणजे रुसून आधी गेलं तर तेवढाही फायदा नाही.

तिला फोन करणार होते. त्याऐवजी अख्ख्या हस्तलिखितात ‘तथापि’ शोधला. ४१. त्यातले तीन विषम प्रकरणांत. मीच घातले असतील म्हणून जुन्या प्रती काढून तपासले, सवय जात नाही. तिन्ही तिच्या पहिल्या खर्ड्यातले.

उडवले. नोंद चालू ठेवून.