तुमच्यात उपवासाला काय चालतं?

आम्ही ख्रिस्ती लोकही उपवास करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तुमच्यात काय चालतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्हा कॅथलिकांत राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला दिवसातून एकच पोटभर जेवण, आणि मांस वर्ज्य. झालं. पण पहिल्या तीन-चार शतकांतला उपवास वाचल्यापासून मला हे उत्तर अपुरं वाटतं. तेव्हा ताटात काय आहे यापेक्षा ताटातलं वाचलेलं कुणाच्या घरी गेलं, याची चौकशी जास्त होती.

वार मात्र तेव्हाही ठरलेले होते. ‘डिडाखे’ या अगदी जुन्या नियमपुस्तिकेत बुधवार आणि शुक्रवार सांगितले आहेत. ज्यू लोक सोमवार-गुरुवार धरत. त्यांना तिथे ढोंगी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. पण त्याच पुस्तिकेतलं दुसरं एक सांगणं फार मोलाचं आहे. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करावा, देणाऱ्यानेही करावा, आणि ज्यांना जमेल त्यांनी सोबत करावी. नव्या माणसाला एकट्याला उपाशी ठेवायचं नाही!

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. हर्मास डोंगरावर उपवास धरून बसलाय. मेंढपाळाच्या रूपातला देवदूत येतो, इतक्या सकाळी इथे कसा म्हणून विचारतो, आणि सरळ सांगतो की असला उपवास व्यर्थ आहे. आधी वाईट वागणं सोड. मग उपवासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे, एरवी जे खाल्लं असतंस त्याचा खर्च काढ, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. उपवासाचा असा रोकडा हिशेब मला इतर कुठल्याही उपदेशापेक्षा जवळचा वाटतो. त्यात पळवाट नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नसावं. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्तिदेस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलं की ख्रिस्ती लोकांत कुणी गरीब असेल आणि इतरांकडेही शिल्लक नसेल, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याची सोय करतात. म्हणजे देणारेही गरीबच.

ईस्टरआधीचा उपवास किती दिवसांचा, यावर एकमत नव्हतं. कुणी एक दिवस करी, कुणी दोन, कुणी चाळीस तास. १९०च्या सुमारास लियॉंचा बिशप इरेनियस याने या फरकाचा बाऊ केला नाही. उलट त्यातून श्रद्धेतली एकीच दिसते, असं लिहिलं. चाळीस दिवसांचा काळ चौथ्या शतकात रुळला.

३८७ साली रोमन साम्राज्यातल्या अँटिऑक शहरात करवाढीवरून दंगल झाली, जमावाने सम्राटाचे पुतळे पाडले. शहर शिक्षेच्या धास्तीत होतं आणि उपवासकाळ सुरू होता. तेव्हा तिथला धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम प्रवचनातून विचारत होता: पक्षी आणि मासे सोडलेत, पण भावाला चावून खाताय, त्याचं काय? डोळे, कान, हात, सगळ्यांनी उपवास करावा, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा काय चालतं, तर साधं अन्न चालतं. वाचलेले पैसे घरात ठेवलेले चालत नाहीत.