झाडूच्या वाटेवरचं घरटं

पाडव्याची झाडलोट सुरू झाली की नाशकात सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत गॅलऱ्यांतून लांब दांड्याचे झाडू फिरू लागतात. शिंजिराला, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला, मांजराइतकीच धास्ती या झाडूची. कारण त्याचं घरटं बाहेरून निव्वळ कचरा दिसतं. वाळकं गवत, सालीचे कपटे, सुकी पानं, अळ्यांची लेंडकंसुद्धा, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेलं. कपड्यांच्या तारेला किंवा बोगनवेलीला टांगलेली वीतभर पिशवीच ती. जवळून पाहिलं की वरच्या अंगाला एका बाजूनं भोक दिसतं, त्यावर पुढे आलेली छपरी, आणि आत मऊ कापसाचं अस्तर. जाळं ताण घेतं, म्हणून वाऱ्यात पिशवी झुलते, तुटत नाही. तेव्हा गॅलरीच्या एका कोपऱ्यातली जळमटं खुशाल राहू द्या. सासूबाई काय म्हणतील ते वेगळं.

बांधकाम मुख्यतः मादीचं, उबवणंही तिचंच. अंडी दोन, कधी तीन. उबवायला दोन-सव्वादोन आठवडे, पिल्लं उडायला साधारण तेवढेच. बांधणी धरून दीड महिना ती तार सोडून द्यायची. घरटं सोडवून ‘सुरक्षित’ जागी बांधू नका, मादी बहुधा ते टाकून देते. पिल्लांना पिसं फुटल्यावर मोबाईल छपरीशी नेला की ती घाबरून वेळेआधीच उडी मारतात आणि खाली मांजर असतंच.

वाटीत साखरपाणी ठेवायची हौस आवरलेली बरी. एप्रिलच्या उन्हात ते आंबतं, मुंग्या लागतात. शिवाय पिल्लांचं पोट मधावर भरत नाही, त्यांना कोळी आणि बारीक किडे लागतात. म्हणून जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तरी तेवढे दिवस औषध न मारता पाण्याचा फवारा सोडा. फुलांच्या देठाशी बारीक भोकं दिसली तर तेही शिंजिराचंच काम. चोच नळीत पोचत नसेल तर तो बुडाशी भोक पाडून मध चोरतो, परागकण वाहून न्यायचे कष्टही वाचतात.

नर सावलीत काळा, उन्हात निळा-जांभळा चमकतो, कारण ती चमक रंगद्रव्याची नसून पिसांच्या घडणीची. विणीचा हंगाम संपला की तो मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळा पट्टा, टाय लावल्यासारखा.

हंगामात मात्र हा दहा सेंटिमीटरचा पठ्ठ्या स्कूटरच्या आरशातल्या ‘दुसऱ्या नराशी’ तासन्‌तास भांडतो. आरशावर जुना मोजा चढवा.